उदार मालकाची कसोटी

१८१५ साली रॉबर्ट ओवेनने ग्लासगोमध्ये स्कॉटलंडच्या सूतगिरणीमालकांची एक सभा भरवली आणि तिच्यापुढे दोन प्रस्ताव ठेवले. परदेशातून येणाऱ्या कापसावरची जकात सरकारने काढून टाकावी, हा पहिला. तो एकमताने मंजूर झाला. गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचे वय आणि कामाचे तास यांवर कायद्याने बंधन घालावे, हा दुसरा. त्याला अनुमोदन द्यायला सभेतून एकही माणूस उभा राहिला नाही. ही हकीकत ओवेनने आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

त्या सभेतली माणसे निर्दय होती असे मानायचे कारण नाही. त्यांच्यात देवभीरू लोक असतील, दानधर्म करणारे असतील. कुणी सणासुदीला कामगारांना जेवण घातले तर त्याला त्यांनी हरकत घेतली नसती. भले करायला त्यांची ना नव्हती. ते करणे बंधनकारक व्हायला मात्र होती.

कारखानदारीच्या सुरुवातीच्या काळात ज्या मालकांनी कामगारांना बरी घरे दिली, शाळा काढल्या, दवाखाने चालवले, त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कंपनीच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथांत संस्थापकाची पूजा असते. चळवळीतला कार्यकर्ता हे सगळे नफ्यासाठीच होते म्हणून विषय मिटवतो. दोघेही मालकाच्या मनात शिरून त्याचा हेतू शुद्ध होता की मतलबी, हे शोधत बसतात. मला तो शोध निरुपयोगी वाटतो. गिरणीत राबणाऱ्या मुलाला पहाटे तीनऐवजी पाचला उठता आले तर त्याची दोन तासांची झोप खरी असते, मालकाचा हेतू काहीही असो. उदार मालकाला विचारायचा प्रश्न एकच आहे. जे त्याने आपणहून दिले ते कामगाराचा हक्क व्हावे, उद्या त्याला स्वतःलाही ते मागे घेता येऊ नये, यासाठी त्याने काही केले का? ओवेनचा दुसरा प्रस्ताव नेमका हेच मागत होता.

न्यू लॅनार्क हे क्लाइड नदीच्या खोऱ्यातले गिरणगाव. १७८५-८६च्या सुमारास डेव्हिड डेलने तिथे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या सूतगिरण्या उभ्या केल्या. डेल हा त्या काळातला खरोखर भला माणूस. एडिंबरो आणि ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेल्या मुलांना त्याच्याकडे स्वच्छ जागा, पोटभर अन्न आणि अंगभर कपडे मिळत. मुलांना शिकवायला मास्तर होते. पण मुले सकाळी सहा ते संध्याकाळी सात गिरणीत असत आणि त्यांची शाळा सातनंतर भरे. सहा, सात, आठ वर्षांची मुले दिवसभर यंत्रापाशी उभी राहून रात्री पुस्तकापुढे बसत. याच लहान वयात मुले घेणार असाल तरच देतो, असा अनाथालयांचा आग्रह असल्याने डेलचाही नाइलाज होता. ओवेन आला तेव्हा त्याला दिसले की यातल्या कित्येक मुलांची वाढ खुंटली आहे आणि शाळेतून त्यांच्या पदरात फारसे काही पडत नाही. डेलने मुलांसाठी जे जे केले ते कामाच्या तासांना हात न लावता केले. उदार मालकांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. अन्न, कपडे, औषध, शाळा हे सगळे देऊ केले जाते, पण दिवस किती तासांचा हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, कारण तिथे मालकाच्या खिशाला थेट हात लागतो.

ओवेन वेल्समधल्या न्यूटाउनचा, खोगिरे आणि लोखंडी सामान विकणाऱ्या घरातला. जन्म १७७१चा. दहाव्या वर्षी घर सोडून तो कापडाच्या दुकानांत उमेदवारी करू लागला आणि विशीत मँचेस्टरला पाचशे कामगारांच्या गिरणीचा व्यवस्थापक झाला. पुढे डेलच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, भागीदारांसह त्याने न्यू लॅनार्क विकत घेतले आणि १ जानेवारी १८००पासून तिथला कारभार हाती घेतला. गावात तेव्हा सुमारे १,८०० माणसे होती, त्यातली चार-पाचशे अनाथालयांतून आणलेली मुले.

त्याने अनाथालयांतून मुले घेणे थांबवले. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणे बंद केले. गावच्या दुकानात चढ्या भावाने निकृष्ट माल खपत होता, तिथे चांगला माल घाऊक खरेदी करून जवळपास मूळ किमतीला विकायला सुरुवात केली. मजुरीचा साठावा भाग कापून आजारपणासाठी निधी उभा केला. घरे वाढवली, रस्ते झाडून घेतले. एवढे करूनही पहिली काही वर्षे कामगारांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. वेल्सहून इंग्लंडमार्गे आलेला हा परका माणूस आपल्याकडून जास्त काम काढून घ्यायला आला आहे, असे त्यांना वाटत होते आणि त्यांच्या अनुभवाला धरूनच ते तसे वाटत होते.

विश्वास बसला तो एका संकटामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेने निर्यातबंदी केली, कापसाचे भाव भडकले आणि गिरण्या धडाधड बंद झाल्या. इतर मालकांनी कामगारांना घरी पाठवले. ओवेनने चार महिने गिरणी बंद ठेवली, कामगारांना फक्त यंत्रे पुसून नीट ठेवायला सांगितले आणि सर्वांना पूर्ण मजुरी दिली. त्यात सात हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. मजुरी काम केल्यावरच मिळते, हा गिरणीचा पहिला नियम त्याने चार महिने बाजूला ठेवला. मंदीचा भार कुणी सोसायचा, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर त्या काळात दुसऱ्या कुणा मोठ्या मालकाने दिल्याचे मला माहीत नाही. त्यानंतर कामगार त्याच्या बाजूचे झाले.

१ जानेवारी १८१६ला त्याने गावात शिक्षणसंस्थेची इमारत उघडली. चालायला लागलेल्या मुलांपासून तिथे प्रवेश होता. मारायचे नाही, ओरडायचे नाही, नकाशे, चित्रे आणि निसर्गातल्या वस्तू दाखवून शिकवायचे, गाणे आणि नाच शिकवायचे, अशी त्या शाळेची रीत. त्याच दिवसापासून त्याने कामाचा दिवस जेवणाची सुट्टी वगळून पावणेअकरा तासांवर आणला. आज हा आकडा मोठा वाटेल. शेजारच्या गिरण्यांत तेव्हा तेरा-चौदा तास चालत होते. आणि इतके करूनही न्यू लॅनार्क नफ्यात होते. हजारो पाहुणे ते बघायला येत. पुढे रशियाचा झार झालेला निकोलसही येऊन गेला. तास कमी केले तर धंदा बुडतो, हे म्हणणाऱ्यांना ओवेन आपली हिशेबाची वही दाखवू शकत होता. उदार मालकांनी इतिहासाला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी मला हीच वाटते. कामगार पुढारी तास कमी करायला सांगत, तेव्हा त्यांना धंद्यातले काय कळते, म्हणून त्यांना गप्प बसवता येई. गिरणी चालवून दाखवणाऱ्याला तसे गप्प बसवता येत नव्हते.

न्यू लॅनार्कची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण माझा मुद्दा तिच्यातून निघतो. गिरणीत प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ एक छोटा चौकोनी लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. आदल्या दिवशी वर्तन वाईट असेल तर काळी बाजू समोर, उत्तम असेल तर पांढरी. ओवेन खात्यांतून फिरत एका नजरेत सगळे बघे आणि काही बोलत नसे. मारहाण आणि दंडापेक्षा हे माणुसकीचे होते, यात शंका नाही, आणि दिलेल्या रंगाविरुद्ध त्याच्याकडे तक्रार करायची मुभाही होती. पण रोज सगळ्यांदेखत आपल्या वागण्याचा रंग टांगून घेऊन काम करणे कसे वाटत असेल? घरांची स्वच्छता तपासायला समिती यायची, तेव्हा बायका चिडायच्या आणि तपासनिसांना ढेकूण शोधणारे म्हणायच्या. दारू प्यायल्याबद्दल दंड होता. मालक, घरमालक, दुकानदार, शाळाचालक आणि नीतीचा पहारेकरी एकच माणूस होता. ओवेनने हे ओळखले होते. पुढे त्याने स्वतःच लिहिले की ही माणसे त्याच्या दयेवर अवलंबून असलेल्या गुलामांसारखी होती. इतक्या स्वच्छ नजरेने स्वतःच्या चांगल्या कामाकडे पाहणारे मालक थोडे.

आणि मालकाची मर्जी म्हणजे एका माणसाची मर्जी, असेही नसते. ओवेनने योजलेल्या शाळेच्या खर्चावर त्याचे भागीदार नाराज होते. १८१३ साली वाद इतका वाढला की गिरण्या लिलावात निघाल्या. जेरेमी बेंथम, विल्यम अॅलन अशा नव्या भागीदारांना घेऊन ओवेनने त्या १,१४,१०० पौंडांना परत घेतल्या. भांडवलावर पाच टक्के घेऊन बाकीचा नफा कामगारांच्या हितासाठी वापरायचा, असे ठरले. तो लिलाव दुसऱ्या कुणी जिंकला असता तर ती शाळा कधी उघडलीच नसती आणि मुलांच्या आईबापांना त्याविरुद्ध कुठेही दाद मागता आली नसती. पुढे नव्या भागीदारांतही बिनसले. अॅलन क्वेकर पंथाचा. मुलांचे गाणे, नाच आणि गुडघ्यापर्यंतचे स्कॉटिश पोशाख त्याच्या धर्मबुद्धीला पटत नव्हते, आणि ओवेनला हळूहळू गावाबाहेर पडावे लागले. कुणाची मुले नाचणार हे भागीदारांच्या बैठकीत ठरत होते.

देणगी मागे घेतली गेली तर काय होते, याचा कडवट दाखला अमेरिकेत शिकागोजवळच्या पुलमन गावाने दिला. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८०च्या दशकात विटांच्या घरांचे सुबक गाव वसवले. १८९३ची मंदी आली तेव्हा त्याने मजुरी सरासरी पाव हिश्शाने कमी केली आणि घरभाडे जसेच्या तसे ठेवले. भाडे पगारातून कापले जात होते. १८९४च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभर रेल्वेत पसरला आणि मोडण्यासाठी केंद्र सरकारचे सैन्य आले. १८९८मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला गाव विकायला लावले.

मग ओवेनच्या दुसऱ्या प्रस्तावाचे काय झाले? मालकांनी पाठ फिरवल्यावर तो पार्लमेंटकडे गेला. तिथे त्याची बाजू घेणारा सर रॉबर्ट पील हा स्वतः मोठा गिरणीमालक. त्याच्या रॅडक्लिफच्या गिरणीत १७८४मध्ये तापाची साथ आली होती. त्यानेच १८०२ साली अनाथ मुलांसाठीचा पहिला कायदा करून घेतला होता. ओवेनच्या मसुद्यात होते की दहा वर्षांखाली कुणालाही कामावर घेऊ नये, अठराखालच्यांना साडेदहा तासांहून अधिक काम देऊ नये आणि तपासणीसाठी पगारी निरीक्षक नेमावेत. चार वर्षे समित्या बसल्या. विरोधकांनी न्यू लॅनार्कला माणसे पाठवून ओवेनविरुद्ध काही सापडते का ते पाहिले. शेवटी १८१९चा कायदा झाला तेव्हा किमान वय नऊ, तास बारा, लागू फक्त सूतगिरण्यांना, आणि निरीक्षक नाहीतच. अंमलबजावणी स्थानिक न्यायाधीशांकडे, म्हणजे बहुधा मालकांच्या नात्यागोत्यातल्या माणसांकडे. ओवेन वैतागला ते साहजिक होते. पगारी निरीक्षक आले ते १८३३मध्ये, सगळ्या देशाला चार. दहा तासांचा कायदा १८४७चा. तो पार्लमेंटमध्ये मांडणारा जॉन फील्डन हाही गिरणीमालकच होता, हे मुद्दाम सांगतो. दहा वर्षांची मर्यादा कापडगिरण्यांना कायद्याने लागू झाली १८७४ साली. एका गावात जे पंचाहत्तर वर्षांपूर्वी चालू झाले होते ते देशभर पोचायला एवढा काळ गेला, आणि त्या काळात मुलांच्या दोन-तीन पिढ्या गिरण्यांत झिजल्या.

भल्या मालकालाच कायद्याची सगळ्यांत जास्त गरज असते, हे फील्डनसारख्यांना कळले होते. शेजारचा मालक चौदा तास गिरणी चालवत असेल तर दहा तासवाल्याचे सूत महाग पडते. ओवेनचे सूत उत्तम प्रतीचे होते, बाजार तेजीत होता, म्हणून त्याला ते झेपले. सगळ्यांना ते झेपेल अशी व्यवस्था एकच, ती म्हणजे सगळ्यांना एकच नियम.

मुंबईत हेच नाट्य वेगळ्या रंगाने घडले. इथल्या गिरण्यांत कायदा हवा, हा आग्रह मोठ्याने धरणारे मँचेस्टरचे कापडवाले होते, आणि त्यांना मुंबईच्या मजुराचा कळवळा नव्हता, मुंबईच्या स्वस्त मालाची भीती होती. त्यामुळे मुंबईच्या मालकांना उत्तर सोपे झाले: हा लँकेशायरचा कावा आहे, देशी उद्योगाचा गळा घोटू नका. यातले पहिले वाक्य बरेचसे खरे होते. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखा मुंबईकर सुधारक कायद्याची बाजू मांडत होता, तरी देशप्रेमाच्या नावाखाली त्याला एकटे पाडता आले. १८८१च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, सात ते बारा वयाच्यांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांना त्यात काहीच नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे मोठेपण इथे दिसते. सत्यशोधक चळवळीतून आलेले, 'दीनबंधु' हे पत्र चालवणारे लोखंडे लँकेशायरच्या हेतूंच्या चर्चेत अडकले नाहीत. १८८४च्या सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जातल्या मागण्या किती साध्या आहेत पाहा: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणे केली. १० जून १८९०ला मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यातही ती आली.

त्याच वेळी नागपूरला काय चालले होते? जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली होती. बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक. नागपूरचे मजूर शेतीशी बांधलेले, गैरहजेरी मोठी, रोज पाचातला एक माणूस नसायचा. मालकाच्या हाती तेव्हा दंड आणि हाकलणे हे दोन उपाय असत. जमशेटजींनी वेगळा मार्ग धरला. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची आणि आगीपासून बचावाची यंत्रणा बसवली, बक्षिसे ठेवली, १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, १८९५पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. अपघात भरपाईचा कायदा देशात झाला १९२३ला, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ला. टाटा काळाच्या किती पुढे होते हे सांगायला या तारखा नेहमी वापरल्या जातात. त्या तारखांकडे दुसऱ्या टोकानेही पाहायला हवे. नागपूरच्या मजुराला १८९५ला जे मिळाले, ते मुंबईच्या गिरणगावातल्या मजुराला मिळायला आणखी अठ्ठावीस वर्षे लागली. यंत्र दोन्हीकडे सारखेच हात तोडत होते. नागपूरच्या उदाहरणाने मुंबईचा एकही मालक भरपाई द्यायला बांधला गेला नाही.

कायद्याशिवाय काय होते, हे विजेच्या दिव्यांनी दाखवले. लोखंडे सूर्यास्तापर्यंत काम मागत होते, कारण उजेड मावळला की गिरणी आपोआप थांबे. खात्यांत विजेचे दिवे आले तसा दिवस लांबला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११च्या कायद्याने.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मालकांच्या कल्याणयोजनांनी पाहिलेच नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार विटाळ मानत. दलित कामगार कमी मजुरीच्या रिंग म्हणजे सूतकताईच्या खात्यात अडकून राही. मालकाला हे बदलण्याची गरज वाटली नाही, कारण साचे चालत होते. संघटनांनीही बराच काळ डोळेझाक केली आणि डॉ. आंबेडकरांना १९२८-२९च्या संपांच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडावा लागला. कल्याण काय, हे देणाऱ्याने ठरवले की त्याला न दिसणारे दुःख यादीत येत नाही. म्हणून कायद्याच्या जोडीला कामगाराचा स्वतःचा आवाजही लागतो.

आज चाकणला, वाळूजला, बुटीबोरीला कंपन्यांच्या आवारात बागा आहेत, आरोग्य शिबिरे होतात, उत्तम वर्तनाचे पुरस्कार मिळतात. त्याच आवारात तेच काम करणारा कंत्राटी कामगार वेगळ्या रंगाचा गणवेश घालून निम्म्या पगारावर उभा असतो आणि अकरा महिन्यांनी त्याचे कंत्राट संपते, असे चित्र कुणालाही पाहता येते. यातले काही मालक मनाने खरेच चांगले आहेत. कंत्राटी माणसालाही ते त्याच कँटीनमध्ये जेवू घालतात, अपघात झाला तर दवाखान्याचे बिल भरतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्याकडे एक मागणे आहे. तुम्ही जे देता ते तुमच्या उद्योजक संघटनेच्या बैठकीत ठराव म्हणून मांडा: समान कामाला समान वेतन सर्व कारखान्यांना सक्तीचे करावे आणि ते तपासायला सरकारने पुरेसे निरीक्षक नेमावेत. अनुमोदनाला कुणी उभे राहिले नाही, तर ओवेनप्रमाणे तो ठराव घेऊन विधानसभेकडे जा.